आणखी एक मिनिट

रविवारी सकाळी फोनने कळवलं की गेल्या आठवड्यात मी रोज सरासरी ५ तास ४० मिनिटं त्याच्यात डोकं घालून बसलो होतो. लाज वाटली. मग त्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि कोणाकोणाचे अंगठे येतात ते बघण्यात आणखी वीस मिनिटं घालवली.

हे हिशेब ठेवण्याची सोय ॲपल आणि गूगल दोघांनीही २०१८ मध्ये आणली. मी लगेच मर्यादा घातली, दिवसाला अर्धा तास. वेळ संपली की पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं आणि त्याखाली मर्यादेकडे दुर्लक्ष करायचं बटणही येतं! आरोपी मी, न्यायाधीश मी, जामीन देणाराही मीच. तीन दिवस मी स्वतःला सढळ हाताने माफ करत राहिलो.

शेवटी पासवर्ड लेकीच्या हाती दिला. वय वर्षं तेरा.

"बाबा, कशासाठी हवाय?"

"महत्त्वाचं आहे गं."

"हातातलं काम झालं का आधी?"

ही वाक्यं मी कुठेतरी ऐकली होती. बहुधा माझ्याच तोंडून. पासवर्ड नसला तरी फोन 'आणखी एक मिनिट' देतो, तेही एकदाच. त्या एका मिनिटात मी जेवढं वाचतो तेवढं परीक्षेच्या आदल्या रात्रीही वाचलं नव्हतं.

मग कोणीतरी सुचवलं, पडद्याचे रंग काढून टाक, आपोआप मन उडेल. काढले. सगळं जग श्रद्धांजलीच्या फोटोसारखं दिसू लागलं. मित्राचा सहलीतला हसरा चेहरा बघून मी 'भावपूर्ण' एवढं टाइप करून बसलो होतो.

दोष सगळा माझाच आहे असंही नाही. पूर्वी पान संपलं की तळाशी 'पुढे' म्हणून काहीतरी असायचं, त्या थांब्यावर माणूस उतरू शकायचा. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं पान शोधून काढलं. पुढे त्याला त्याचा पश्चात्तापही झाला. तो झाला तेव्हा मी मात्र बराच खाली पोचलो होतो.

आता रात्री फोन कपाटाच्या वर ठेवतो. खिसा रिकामा असतो, तरी मांडीपाशी थरथरल्यासारखं होतं. परवा बारा वाजता राहवेना. स्टूल हळूच ओढलं (त्याचा एक पाय आखूड आहे, तो दिवसा कधी वाजत नाही), वर चढलो, धुळीत चाचपडलो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं आठवली. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की ती चोच मारणं सोडत नाहीत म्हणे. कबुतरांना निदान स्टूल लागत नाही. माझ्या वाट्याला आलेला दाणा असा होता: बॅटरी १५ टक्के उरली आहे.

तेवढ्यात दिवा लागला. दारात लेक.

"बाबा?"

"किती वाजले ते बघत होतो."

तिने काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. घड्याळ माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर टिकटिकत होतं.