‘मॅडम, तुम्ही कोण?’

आज सकाळी आमच्या बागेत एका पोरसवदा सुपरवायझरनं मला हा प्रश्न विचारला. उर्मटपणे नाही हं, अगदी सरळ. त्याच्या हातात वर्क ऑर्डरची झेरॉक्स, मागे पेव्हर ब्लॉकची रास आणि गेटवर रात्रीतून लागलेला फ्लेक्स: ‘उद्यान सुशोभीकरण’. फ्लेक्सवर नेहमीचे हसरे चेहरे. मी फक्त एवढंच विचारलं होतं की वर्षावृक्षाच्या खोडाला लागून हे खणताय कशाला? तर म्हणे तिथे गोल कट्टा होणार, कट्ट्यात दिवे बसणार आणि समोर सेल्फी पॉइंट. ‘वरून मंजूर होऊन आलंय.’ आणि मग तो प्रश्न. मी म्हटलं, रोज येणारी. तो म्हणाला, ‘मग काही नाही, आठवडाभर त्या बाजूनं चाला.’

शहराचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि बाकीच्यांना आपलंच वाटेल.

तेव्हापासून डोकं तापलंय. घरी येऊन चहा केला, तो तसाच गार झाला. कारण आमच्यातल्या जुन्या लोकांना ते झोपाळ्याखालचं तळं आठवत असेल. नव्यांसाठी सांगते, आणि आज जरा सविस्तरच सांगते.

बागेच्या मुलांच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात तळं साचायचं. झोपाळ्यावर बसायचं तर पाय पाण्यात. डास, शेवाळ, घसरगुंडीवरून थेट चिखलात. तक्रारी झाल्या. एका वर्षी मुरूम टाकला, तो पहिल्याच जोराच्या पावसात जॉगिंग ट्रॅकवर येऊन बसला. मग रबरी टाइल्स आल्या. त्याचंही उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. जुलैत त्या टाइल्स सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या आणि पोरांना काय, होड्याच मिळाल्या! मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की सगळा कोपराच कॉंक्रीट करून उचलून घ्या. उचलला. पाणी शेजारच्या बाकांखाली गेलं. मग आजोबा लोक ओरडायला लागले.

दर वेळी एस्टिमेट, दर वेळी टेंडर, दर वेळी बिल. आणि एवढ्या सगळ्यात माळीमामांना कुणीही, एकदाही विचारलं नव्हतं.

आमची समिती तेव्हा नुकती जमली होती. समिती म्हणजे काय तर एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि एक दोनशे पानी वही. नोंदणी नाही, लेटरहेड नाही, अध्यक्ष वगैरे तर नाहीच (अध्यक्ष केला की दुसरा गट तयार होतो, हे आपल्याला गणेश मंडळांनी शिकवलंय). महिन्यातून एकदा बागेतच भेटायचं, फेरी मारायची, काय मोडलंय, काय सुकलंय ते वहीत लिहायचं आणि उद्यान विभागाकडे द्यायचं. तर त्या फेरीत आमच्यातल्या एका काकूंनी सहज मामांना विचारलं, की हो, हे पाणी येतं कुठून? मामा खुरपं न थांबवता म्हणाले, ‘भिंतीखालून. पल्याड पहिलं चर होता, तो बुजवला ना पार्किंग करताना.’

एवढंच. इतकी वर्षं सगळे आभाळाकडे बघत होते आणि पाणी येत होतं भिंतीखालून.

मग एका रविवारी धो-धो पावसात आमच्यातले बांधकाम खात्यातून रिटायर झालेले काका छत्री घेऊन तिथे तासभर उभे राहिले आणि पाण्याची वाट बघून आले. भिंतीच्या कडेनं एक चर खणायचा, दगड भरायचे, खालच्या टोकाला पावसाळी गटाराला जोडून द्यायचा. तेव्हाचे जेई, म्हणजे पालिकेचे कनिष्ठ अभियंता, चांगले होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी किरकोळ दुरुस्तीत ते काम बसवलं. मला वाटतं, टाइल्सच्या उद्घाटनाच्या मांडवाला जास्त खर्च आला असेल. पुढच्या पावसाळ्यात झोपाळ्याखाली ओल होती, तळं नव्हतं.

आता मला सांगा, यात आम्ही काय महान केलं? काहीच नाही. विचारलं. बाग रोज वापरणाऱ्या माणसांना जे दिसतं ते फायलीत दिसत नाही. आमची सगळी मागणी एवढीच आहे की टेंडर निघायच्या आधी विचारा. फ्लेक्स लागल्यावर ‘सूचनांचे स्वागत’ म्हणण्यात काय अर्थ आहे? तेव्हा फक्त रंग कुठला द्यायचा एवढंच उरलेलं असतं.

आणि ‘तुम्ही कोण’ याचं उत्तर कायद्यात आहे बरं का. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती. तिनं बारावी अनुसूची आली, शहरांनी सांभाळायच्या १८ विषयांची, आणि त्यात बारावा विषय बागा, उद्यानं, खेळाची मैदानं. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात, हेही त्याच दुरुस्तीत. आपल्या राज्यानं त्या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या लोकांना घ्यायची सोय ठेवली. २००९ मध्ये तर क्षेत्र सभाही कायद्यात आली, म्हणजे गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा. तुमच्यापैकी कुणी क्षेत्र सभेला जाऊन आलंय? कुणी पाहिलीय? हात वर करा. तेच म्हणते मी. ग्रामसभेला निदान कोरम भरला नाही म्हणून तहकूब व्हायचा तरी मान मिळतो.

आणि त्यात राज्यभरातल्या महापालिकांत २०२२ नंतर किती वर्षं नगरसेवकच नव्हते, ते आठवा. प्रशासकाच्या काळात आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारायचं, बाकडं मोडलंय, सांगायचं कुणाला? नगरसेवक असताना आम्ही त्यांच्या नावानं खडे फोडायचो. नसताना कळलं की खडे फोडायलाही कुणीतरी लागतं.

बरं, हे फक्त आमच्याच गल्लीतलं रडगाणं आहे असं नाही. दादरच्या शिवाजी पार्कचं घ्या. मैदानावर लाल माती टाकली आणि आजूबाजूचे रहिवासी वर्षानुवर्षं धुळीबद्दल ओरडत राहिले. खिडक्या बंद, खोकला चालू. मग पाणी मारा, गवत लावा, तज्ज्ञ आणा. माती टाकायच्या आधी समोरच्या इमारतीतल्या एखाद्या आजींना विचारलं असतं तर त्यांनी वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो ते गॅलरीतून दाखवलं असतं. आमच्या तळ्याचीच गोष्ट, फक्त पाण्याऐवजी धूळ. आणि पुण्यात कोथरूडच्या थोरात उद्यानात मोनोरेल आणायचा घाट घातला होता, आठवतंय? बागेत मोनोरेल! तिथले लोक रस्त्यावर उतरले. पण मला राग याचा येतो की लोकांना उतरावं का लागतं? नोकरी, शाळा, सासू-सासऱ्यांची औषधं सोडून फलक घेऊन उभं राहायचं, तेही आपल्याच बागेला बाग ठेवा म्हणून.

आता काही जण लगेच लिहितील, की अशा समित्या म्हणजे बंगलेवाल्यांची आणि रिटायर्ड लोकांची मक्तेदारी. हो, होते. मान्य. आमच्याकडेही बॉल खेळायला बंदी, बाकावर जोडपी बसायला बंदी, मोठ्यानं हसायला बंदी (हास्यक्लब सोडून!) असे ठराव मांडणारे आहेत. पण म्हणून समितीच नको म्हणायचं असेल तर सोसायटीची मीटिंगही बंद करा मग.

उलट मला इथे एक चांगली गोष्ट सांगायचीय. आमची बाग दुपारी बंद असायची. सकाळी उघडायची, अकराला कुलूप, परत चारला उघडायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आम्ही दुपारी झोपलेले. मीटिंगही रविवारी सकाळी, म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना ऐन कामाच्या वेळी. काकूंनी (त्याच, मामांना विचारणाऱ्या) एकदा मीटिंग रात्री आठला घेतली आणि गेटपाशीच घेतली. त्या दिवशी धुणंभांडी करणाऱ्या चार-पाच जणी आल्या. त्यातली एक म्हणाली, ताई, आमची एक ते तीन सुट्टी असते, डबा खायला सावली नसते, आम्ही तुमच्या बागेच्या बाहेर फुटपाथवर बसतो. सावली आत असते, आम्ही बाहेर.

कुणी काही बोललं नाही. मग ज्या काकांनी जोडप्यांविरुद्ध ठराव आणला होता, त्यांनीच दुपारच्या वेळेसाठी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात. साहेबांनी ‘सुरक्षारक्षक नाही’ म्हणून परत पाठवला, त्यांनी परत लिहिला. आता बाग दुपारी उघडी असते. काकांबद्दल मी इथे माझ्या वॉलवर काय काय लिहिलंय ते राहू दे, पण त्या अर्जासाठी त्यांना शंभर गुन्हे माफ.

माझी नणंद शिकागोत असते. तिकडे बागांच्या सल्लागार समित्या असतात, शेजारपाजारचे लोक, बिनपगारी, सभा सगळ्यांना खुल्या आणि बागेचा अधिकारी समोर बसलेला. त्यांनाही निर्णयाचा हक्क नाही, फक्त सल्ला. ती म्हणते आमच्याकडेही वाद होतात, कुत्र्यांवरून तर जबरदस्त. पण पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिकडच्या उद्यान खात्याच्या, यादीत त्या समितीचं नाव असतं. ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न निदान तिथे संपलेला असतो.

आणि हेही स्पष्ट करते, आम्हाला बाग दत्तक नकोय. मुंबईत मोकळ्या जागा सांभाळायला दिल्या आणि काही ठिकाणी त्यावर क्लब उभे राहिले, आत जायला मेंबरशिप. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेनं दत्तक धोरण पुन्हा आणलं तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. बरोबरच होतं. चाव्या पालिकेकडेच राहू देत, पगारी माळीही पालिकेनंच ठेवावेत. (याला अपवाद आहेत, माहितीये. चर्चगेटजवळचं ओव्हल मैदान तिथल्या रहिवाशांनी कोर्टात जाऊन वाचवलं आणि सांभाळलं. पण प्रत्येक गल्लीत चर्चगेटचे रहिवासी नसतात.) आम्हाला फक्त ते एस्टिमेट आधी बघायचंय.

आता मूळ दुखण्यावर येते. आज त्या मुलाकडून मी नकाशा मागून घेतला, फोटो काढला. खोडाभोवतीचा कट्टा तर आहेच. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांबाबत सांगितलं होतं की खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, सिमेंट काढा. दिल्लीच्या झाडाला मुळं असतात आणि आमच्या झाडाला नसतात का? पण नकाशात दुसरी एक गोष्ट दिसली आणि मी तिथेच बाकावर बसले. भिंतीच्या कडेनं, मुलांच्या कोपऱ्यामागून, पूर्ण लांबीचा ‘वॉकवे’. पेव्हर ब्लॉक, खाली कॉंक्रीट.

म्हणजे आमचा चर गेला.

कुठल्याच नकाशात तो नाहीये. किरकोळ दुरुस्तीत झालेलं काम, त्याची नोंद कोण ठेवतं? ते जेई बदलून गेले. मजूर पुरवणारा ठेकेदार बदलला तेव्हा माळीमामाही दुसऱ्या बागेत गेले, जाताना कुणी निरोपाचा चहासुद्धा पाजला नाही. चर कुठे सुरू होतो, कुठे गटाराला मिळतो, हे आज फक्त त्या दोनशे पानी वहीत आहे, त्या बांधकाम खात्यातल्या काकांनी पेन्सिलनं काढलेलं. जूनमध्ये तळं परत येईल आणि मग पुन्हा मुरूम, पुन्हा टाइल्स, पुन्हा नारळ.

त्या सुपरवायझरला मी हे सगळं दाखवलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. ‘मॅडम, मला कुणी सांगितलंच नाही हे,’ म्हणाला. त्याच्यावरचा राग तिथेच गेला. त्याला वर्क ऑर्डर दिलेली, त्यात जे आहे ते तो करणार. खोडाजवळचं खणणं त्यानं तेवढं दुपारपर्यंत थांबवलं, साहेबांना फोन करतो म्हणाला. केला असेल तर देव त्याचं भलं करो.

तर सोमवारी अकरा वाजता आम्ही क्षेत्रीय कार्यालयात जातोय. येणाऱ्यांनी खाली लिहा, नुसता अंगठा टाकून जाऊ नका. मागणी दोनच: वर्षावृक्षाभोवतीचं सिमेंट रद्द आणि भिंतीकडेचा वॉकवे चर सोडून आत सरकवा. सेल्फी पॉइंटवर मी भांडणार नाही, काढा हवे तेवढे सेल्फी. वही काकांकडे आहे, तिच्या झेरॉक्स मी काढून आणते. ज्यांच्याकडे त्या पावसाळ्यांतले तळ्याचे फोटो असतील, पोरांचे, होड्यांचे, कसलेही, त्यांनी तारखेसकट मला पाठवा. आणि माळीमामांची ड्युटी सध्या कुठल्या बागेत आहे हे कुणाला माहीत असेल तर इथे नको, इनबॉक्समध्ये सांगा. त्यांना सोमवारची अर्ध्या दिवसाची रजा मिळते का बघायचंय, रिक्षानं मी स्वतः आणते.