सेटअप उघडत नाही म्हणून मदरबोर्डचा सेल काढू नका

‘संगणक कोणत्याही कंपनीचा असो, तो सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबूनही बायोसचा सेटअप उघडत नसेल, तर बायोसची चिप खराब झाली आहे असे समजावे; मदरबोर्डवरचा सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवावा, त्याने काहीही नुकसान होत नाही; तरीही जमले नाही, तर बायोस फ्लॅश करून (म्हणजे चिपमध्ये नव्याने लिहून) घ्यावा’ अशा आशयाचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तितक्याच सहजपणे पुढे पाठवला जातो. यातील निदान चुकीचे आहे, पहिला उपाय बहुतेक वेळा अनावश्यक असून कधीकधी महागात पडणारा आहे आणि दुसरा उपाय तर धडधाकट यंत्र बंद पाडू शकतो.

आधी बायोसच्या चिपविषयी. (सेटअप म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज बदलण्याचा मेनू.) बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वप्रथम ज्या सूचना वाचतो, त्या याच चिपमध्ये साठवलेल्या असतात. मेमरी तपासणे, पडद्यावर चित्र आणणे, डिस्क शोधणे आणि शेवटी विंडोजच्या हाती कारभार सोपवणे ही सर्व कामे त्यातले फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये साठवलेला बायोस हा प्रोग्राम, करतो. ज्या संगणकावर विंडोज रोज नीट सुरू होते, त्याच्या फर्मवेअरने ही सगळी कामे रोज नीट पार पाडलेली असतात. चिप खरोखर निकामी झाली असती, तर सेटअप तर सोडाच, सुरुवातीचे कंपनीचे बोधचिन्हही दिसले नसते.

मग कळ दाबूनही काही का घडत नाही? याचे मुख्य कारण वेग हे आहे. विंडोज ८ च्या वेळी, मे २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी स्वतःच लिहिले होते की एसएसडी ही वेगवान डिस्क असलेल्या नव्या संगणकांवर एफ८ ची कळ ओळखली जाण्यासाठी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी अवधी उरतो, आणि भराभर कळ दाबणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांपैकी सर्वांत चपळ माणसालाही दोन दाबांमधले अंतर सुमारे २५० मिलिसेकंदांच्या खाली आणता आले नाही. एफ८ ची कळ विंडोजच्या स्वतःच्या मेनूसाठी होती हे खरे, पण सेटअपच्या कळीचीही गत तीच झाली आहे. त्यातच बऱ्याच मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये फास्ट बूट नावाची सोय असते. ती चालू असली की, काही मदरबोर्डांवर, वेळ वाचवण्यासाठी यूएसबीची जोडणी विंडोज सुरू होईपर्यंत जागीच केली जात नाही. म्हणजे वापरणारा कळ दाबत असतो, पण ती ऐकणारे त्या क्षणी कोणीच नसते. (विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही वेगळी सोय आहे. तीत शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो, तर रिस्टार्ट करताना तसे होत नाही. या दोन सोयींची गल्लत फार होते.)

याशिवाय अगदी साधी कारणेही असतात. ब्लूटूथ कीबोर्ड सहसा विंडोज सुरू झाल्यावरच जोडला जातो. काही मॉनिटर जागे व्हायला इतका वेळ घेतात की चित्र दिसेपर्यंत संधी निघून गेलेली असते. अनेक लॅपटॉपवर वरच्या रांगेतील कळा आवाज आणि प्रकाश कमीजास्त करण्यासाठी नेमलेल्या असल्यामुळे एफ२ सोबत एफएनची कळही दाबावी लागते. यांपैकी एकाही कारणाचा चिपच्या आरोग्याशी संबंध नाही.

‘कोणत्याही कंपनीचा असो’ हे शब्दही टिकत नाहीत. डेल आणि एसरच्या लॅपटॉपवर सहसा एफ२ चालते, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१, तर गिगाबाइट आणि एमएसआयच्या मदरबोर्डांवर डिलीट. लेनोवोच्या काही लॅपटॉपना यासाठी नोवो नावाचे वेगळे बारीक बटण असते. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून धरून यंत्र सुरू करावे लागते.

सर्वांत घातक वाक्य सेलविषयीचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज बॅटरीवर जगणाऱ्या छोट्याशा मेमरीत राहत, आणि बॅटरी काढली की ती पुसली जात. सल्ल्याचे मूळ त्या काळात आहे. आजच्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) यंत्रांत बऱ्याच सेटिंग्ज फ्लॅश मेमरीत असतात आणि सीआर२०३२ चा तो सेल काढूनही त्या कायम राहू शकतात. ज्या यंत्रांत त्या खरोखर पुसल्या जातात, तिथे नुकसान होत नाही हे म्हणणे तर आणखी चुकीचे ठरते. डिस्कचा कंट्रोलर रेड पद्धतीवरून एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर गेला, तर विंडोज सुरू होणेच थांबू शकते. सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) स्थिती बदलली, तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क एनक्रिप्ट करणारी विंडोजची सोय, ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. डिस्क एनक्रिप्ट झाली आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते, आणि की हाती नसेल तर त्या डिस्कवरील फोटो, हिशेब, प्रबंध सगळे कायमचे कुलूपबंद होते. केवळ एक मेनू पाहण्यासाठी कोणावर ही पाळी यावी, हे मला मान्य नाही.

फ्लॅश करण्याविषयी थोडक्यात सांगता येते. फर्मवेअर लिहिले जात असताना मध्येच वीज गेली किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाइल चढवली गेली, तर जी चिप आतापर्यंत चांगली होती तीच खराब होते. कळ ऐकू न येणे हे फ्लॅश करण्याचे कारण असू शकत नाही.

योग्य मार्ग विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमधील सिस्टम, मग रिकव्हरी, आणि तिथे ॲडव्हान्स्ड स्टार्टअपसमोरचे रिस्टार्ट नाऊ निवडावे. निळा पडदा आल्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या क्रमाने जावे. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट निवडले तरी तोच पडदा येतो, अगदी पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावरूनही. या मार्गात विंडोज फर्मवेअरसाठी एक निरोप लिहून ठेवते आणि फर्मवेअर पुढच्या वेळी सुरू होताना तो वाचून थेट सेटअप उघडते, त्यामुळे कळ वेळेत दाबण्याचा प्रश्नच उरत नाही. लिनक्समध्येही हीच सोय आहे. आत गेल्यावर फास्ट बूट बंद केले की पुढे कळही चालू लागते; मात्र काहीही बदलण्यापूर्वी बिटलॉकरची की हाताशी आहे ना, हे पाहून घ्यावे. यूईएफआयचा पर्यायच दिसत नसेल, तर विंडोज बहुधा जुन्या बायोस पद्धतीने बसवलेले आहे, आणि तिथे कंपनीने नेमलेली कळ हाच मार्ग राहतो.

विंडोजच सुरू होत नसेल तर काय, हा रास्त प्रश्न आहे. सुरू होताना ते लागोपाठ दोन-तीनदा अडखळले, तर सहसा तोच निळा पडदा आपोआप समोर येतो. तोही आला नाही, तर तारेचा कीबोर्ड मागच्या यूएसबी पोर्टला लावून, बटण दाबल्या क्षणापासून योग्य ती कळ पुन्हापुन्हा दाबत राहावे. एवढे करूनही डेस्कटॉप दाद देत नसेल, तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या (सेटिंग्ज पुसणाऱ्या) जंपरचा किंवा सेलचा विचार करणे योग्य ठरते, पण तेव्हाही रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी.