चेंडू जिथे पडेल तिथून

गोल्फ शिकवतात ती जागा आणि गोल्फ खेळावा लागतो ती जागा यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. ड्रायव्हिंग रेंजवर पायाखाली हिरवी चटई असते, चेंडू रबराच्या टीवर नम्रपणे बसलेला असतो आणि प्रशिक्षक खांदे, कंबर, मनगट अशा क्रमाने शरीराचे भाग कामाला लावत असतो. प्रत्यक्ष मैदानावर चेंडू सापडतो तो गवताच्या मुळाशी, वाळूत किंवा एखाद्या बुंध्याला टेकून. तिथे धड उभे राहायलाच जागा नसल्याने खांदे आणि कंबर हा विषय आपोआप मागे पडतो. फेअरवे हा नीट कापलेल्या गवताचा रुंद पट्टा मी बहुधा एका बाजूच्या झाडीतून दुसऱ्या बाजूच्या झाडीत जाताना ओलांडतो. त्यामुळे सरळ फटक्यांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. वाकड्या जागांविषयी मात्र मी अधिकारवाणीने बोलू शकतो.

चेंडू जसा पडला असेल तसाच खेळायचा, हा या खेळाचा मूळ दंडक. उताराचे शास्त्र ऐकायला सोपे आहे: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे, चढावर तो उंच उडतो, उतारावर बुटका जातो. पुण्याच्या जमिनीने हे शास्त्र वाचलेले नसावे, कारण इथे चेंडू एकाच वेळी पायांपेक्षा उंचावरही असतो आणि उतरणीवरही असतो. मग एक गुडघा वाकवून आणि दुसरा ताठ ठेवून मी दोन्ही नियमांची बेरीज करू लागतो, आणि मागे खोळंबलेल्या चौघांचे आपापसांत काहीतरी बोलणे सुरू होते.

पावसाळ्यात रफमधले, म्हणजे फेअरवेबाहेर मोकाट वाढलेले, गवत घोट्याच्या वर येते. चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत, २०१९ पासून तीनच मिळतात. ज्यांनी ती दोन मिनिटे कापली त्यांनी श्रावणातले गवत पाहिलेले नसणार. चेंडू सापडलाच तर ते ओले गवत क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मानेला विळखा घालते, क्लबचे तोंड आत वळते आणि चेंडू डावीकडच्या आणखी दाट गवतात जातो. क्वचित उलटेही घडते. क्लब आणि चेंडू यांच्यामध्ये गवताची पाती सापडल्याने चेंडूला फिरकी मिळत नाही आणि तो ग्रीनवरून, म्हणजे झेंडा असलेल्या खळग्याभोवतीच्या आखूड हिरवळीवरून, सुसाट पलीकडच्या झुडपात पोहोचतो. माझे सर्वांत लांब फटके असेच वाया गेलेले आहेत.

बंकरमधला, वाळूच्या खड्ड्यातला, फटका म्हणजे लेकी बोले सुने लागे. मारायचे वाळूला, चेंडूच्या दोनेक इंच मागे, आणि उडायचे चेंडूने. अमेरिकेचे जीन सॅराझेन यांनी क्लबच्या तळाला मागच्या बाजूने जादा धातू चढवून सँड वेज हा खास वाळूसाठीचा क्लब घडवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हापासून हे काम माणसाच्या आवाक्यात आले असे म्हणतात. तो तळ वाळूत रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो. आमच्याकडे मात्र पावसानंतर वाळू थापून बसते, क्लब तिच्यावरून उसळतो आणि चेंडूच्या थेट मध्यावर आदळतो. मग तो चेंडू चुकवण्यासाठी ग्रीनवरच्या मंडळींना बसावे लागते. मला धीर देतात ते जपानचे नाकाजिमा. १९७८ च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर त्यांचा चेंडू ग्रीनवर सुखरूप होता; त्यांच्या पटने, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या टोल्याने, तो घरंगळत बंकरमध्ये गेला, बाहेर यायला त्यांना चार फटके लागले आणि कार्डावर त्या एका होलसाठी नऊ फटके चढले. वाळूतून ग्रीनवर येणे अवघड असते, हे सर्वांना माहीत आहे; त्यांनी आधी उलटा प्रवास करून दाखवला.

पण खरी परीक्षा झाडांत होते, कारण तिथे सल्ला मिळतो. नियमाप्रमाणे सल्ला आपली बॅग वाहणाऱ्या कॅडीकडूनच घ्यायचा असतो. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला सल्ला देणाऱ्यालाही दोन फटक्यांचा दंड बसतो. आमच्याबरोबर खेळणाऱ्या निवृत्त कर्नलसाहेबांना रविवारी हा नियम लागू नाही, अशी त्यांची समजूत आहे.

परवा माझा चेंडू वडाच्या दोन मुळांच्या बेचक्यात जाऊन बसला. पुढे पारंब्या, मागे बुंधा, आणि पारंब्यांच्या फटीतून ग्रीनवरचा झेंडा अगदी स्पष्ट दिसत होता. अशा फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, असे माझे मत आहे. अमेरिकेचे बब्बा वॉटसन यांनी २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेत बरोबरी फोडणाऱ्या प्ले-ऑफला झाडांतूनच चेंडू हवेत चाळीसेक यार्ड वळवून ग्रीनवर आणला होता. स्पेनचे बॅलेस्टेरोस १९७९ मध्ये चक्क गाड्यांच्या तळावरून खेळले आणि तो होल बर्डीने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेऊन, संपवून ओपनही जिंकून गेले. अर्थात त्यांना गाड्यांपासून विनादंड सुटका मिळाली होती, वडापासून ती मिळत नाही.

“साहेब, आडवा काढा,” कॅडी म्हणाला.

आडवा काढणे, म्हणजे झेंड्याचा नाद सोडून चेंडू बाजूच्या फेअरवेवर आणणे, शहाणपणाचे असते, हे सर्वांना मान्य आहे. अडचण एवढीच, की आडवा फटका मारण्यासाठी कोणी रविवारी पहाटे पाचला उठत नाही.

“अनप्लेएबल जाहीर करा. एक फटका दंड आणि विषय संपला,” कर्नलसाहेब म्हणाले. चेंडू खेळण्याजोगा नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त खेळणाऱ्याचा असतो, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. मग उजव्या बाजूने उभे राहणे अशक्य असल्याने मी वेज उलटा धरला, डावखुऱ्यासारखा उभा राहिलो आणि डोळ्यांसमोर तो झेंडा ठेवून वार केला. चेंडू समोरच्या मुळावर आपटला, तिथून बुंध्यावर गेला आणि काटकोनात वळून, कॅडीने बोट दाखवले होते नेमक्या त्याच जागी फेअरवेवर जाऊन थांबला.

“कसा बरोबर आडवा काढला! मीही तेच सुचवणार होतो,” कर्नलसाहेब म्हणाले.

मी त्यांच्या कार्डावर सल्ल्याचे दोन फटके लिहिण्यासाठी पेन्सिल मागितली. ती त्यांनी दिली नाही. कॅडी तोवर बॅग उचलून चालू लागला होता.