‘भोक पडलं म्हणजे डॉक्टरची चूकच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वडिलांची वरची दाढ काढली, दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो नाकातून आला, आणि माझ्या लेखात ‘असं होऊ शकतं’ एवढंच वाचून मी डॉक्टरांवर पांघरूण घालतेय असं तुम्हाला वाटलं. तुमचा राग मला कळतो.

वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच सायनसचा, म्हणजे गालामागच्या हाडातल्या, नाकाशी जोडलेल्या पोकळीचा तळ असतो. मधलं हाड काहींचं कागदासारखं पातळ, काहींना तर नुसतं अस्तरच. शेजारचे दात पडून वर्षं झाली असतील, तर एकट्या उरलेल्या दाढेच्या मुळांभोवती सायनस आणखी खाली उतरतो. अशी दाढ कितीही जपून काढली तरी तोंडातून सायनसमध्ये भोक पडू शकतं. ते न तपासणं किंवा दिसूनही पेशंटला न सांगणं ही मात्र चूकच, आणि लेखात मी हे लिहायला हवं होतं. तिथे तुमचं बरोबर आहे.

मी दाढ निघाली की हातात घेऊन उलटसुलट बघते. मुळाच्या टोकाला हाडाचा पापुद्रा चिकटून आलाय का? खाचेतल्या रक्तात श्वासाबरोबर बुडबुडे येतायत का? दोनेक मिलिमीटरचं भोक खाचेतली रक्ताची गुठळी टिकली तर बहुतेक वेळा आपलं आपण भरतं. त्याहून मोठ्याला टाके घालते. पाच मिलिमीटरच्या वर गेलं तर गालाकडची हिरडी सोडवून भोकावर ओढून झाकावं लागतं.

सगळा खेळ त्या गुठळीचा. म्हणून दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. स्ट्रॉ, खळखळून चूळ, तंबाखू-विडी बंद. कपालभातीही नको. ‘सायनसला चांगली’ म्हणून शेजाऱ्यांनी वडिलांना जलनेती सुचवली असं तुम्ही लिहिलंय. ती आजच थांबवा, पाणी थेट जखमेवर जातं.

आता तीन आठवडे उलटलेत आणि एकाच नाकपुडीतून वास येणारा स्राव येतोय, म्हणजे भोकाला आतून कातडी धरली असण्याची शक्यता आहे. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ते बुजणार नाही. आधी सायनसमधला पू आटोक्यात आणायचा, मग भोक बंद करायचं. दाढेच्या मुळाचा तुकडा आत राहिलाय का तेही स्कॅनमध्ये बघतात. या आठवड्यातच ओरल सर्जनना, म्हणजे तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. जाताना दाढ काढण्याआधीचा एक्स-रे त्या दवाखान्यातून मागून घ्या.