पाचवीचा पोरगा खालच्या गटात का? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम गळ्यात होतं म्हणून उत्तराला उशीर झाला, राग नसावा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आम्ही शाळेत करतो तसं रोज एक तास वर्ग मोडून पोरांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवलं की पाचवीच्या मुलाचा अपमान होतो, रोजचा एक तास जातो, आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापला वर्ग चोख सांभाळला तर हा खटाटोप लागलाच नसता.

शेवटच्यापासून सुरू करते. वर्ग चोख सांभाळला तरी पोरगं त्या वर्गात थोडंच राहतं, ते दरवर्षी पुढे सरकतं. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला उतरतात, पोरं सोबत जातात, आणि नेमकी तेव्हाच दुसरीच्या बाईंनी जोडाक्षरं घेतलेली असतात. परत आल्यावर दुसरी संपत आलेली, पुढे तिसरीचे सर समजतात की हे तर झालंय. चूक कुणाचीच नाही, पण पोरगं मधल्या मधे राहिलं ना. आणि पुढच्या शिक्षकाच्या हातात काय पडतं, तर प्रगतीपुस्तकात मराठी ब-१ आणि खाली "स्पष्ट उच्चारात वाचन करतो". त्या तयार नोंदींच्या पीडीएफ कुठल्या ग्रुपवर फिरतात ते तुम्हालाही माहितीये :)

पाचवीतला एखादा पोरगा धडा घडाघडा वाचून दाखवतो, आपण खूश. मग पानाच्या मधल्याच शब्दावर बोट ठेवा, गाडी बंद! धडा पाठ असतो हो. अनोळखी उतारा दिला की 'सूर्य'चं 'सूय' होतं, 'प्रकाश'चा 'पकाश', 'ट्रक' चित्र बघून बरोबर येतो आणि 'वाऱ्यावर'ला तो वरच बघत बसतो. म्हणजे अक्षरं येतात, काना-मात्रा येते, फक्त र ने वेश बदलला की ओळख पटत नाही. याला दुसरीचं अख्खं पुस्तक परत नकोय, काही आठवडे तेवढंच हवंय. पाचवीच्या धड्यावर बसून ते त्याला कोण देणार?

म्हणून महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर आम्ही पहिली ते पाचवीचे सगळे शिक्षक एकत्र बसतो, एकच तक्ता, मुलाचं नाव, अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट यातलं कुठपर्यंत आलंय आणि नेमकं कुठे अडतंय. अक्षरांचा गट पहिलीच्या मॅडम घेतात कारण त्यांचा त्यात हात बसलाय, मुलं चौथीची असली तरी. कुणी पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर तेही तिथेच निघतं, मग तपासणीचे डॉक्टर आले की ते नाव आधी पुढे.

अपमानाबद्दल. दुसरीच्या पोरांत पाचवीचं कुणी बसत नाही सर, तिसरी ते पाचवीचीच मुलं गटात असतात, पहिली-दुसरी वेगळी. तेही त्या एका तासापुरतं, बाकी दिवसभर तो पाचवीतच, गणितात तर काहीजण पहिल्या नंबरात. उलट प्रकट वाचनाला उभं केल्यावर शेजारचा खालून शब्द पुरवतो आणि मागचे हसतात, अपमान तो. ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही, शिक्षणात काम करणारी 'प्रथम' ही संस्था वर्षानुवर्षं हेच करते, आणि २०१९ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या बॅनर्जी-डुफ्लो यांनी त्यांच्या कामाचं मोजमाप केलंय. २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीअखेर समजून वाचता आलं पाहिजे हे उद्दिष्ट, छानच, पण जो तिसरी ओलांडून गेलाय त्याचं काय? त्याला वर्गोन्नती तर मिळत गेली, वाचन मागेच राहिलं.

तासाचं मात्र तुमचं खरंय. एक तास जातो, धडे मागे पडतात, केंद्रप्रमुख विचारतात तेव्हा तोंड लपवावं लागतं. तरी मी तो तास सोडणार नाही, ज्याला धडा वाचताच येत नाही त्याच्यापुढे तो वेळेत संपवून काय मिळवलं?

एक अडचण तुम्ही लिहिली नाही ती मीच सांगते, ज्यांना गोष्ट वाचता येते त्या गटाकडे आमचं दुर्लक्ष होतं, लायब्ररीची पुस्तकं देऊन त्यांना बसवून ठेवतो. तुम्ही निवृत्त आहात, नाशिकरोडलाच राहता म्हणालात. शनिवारी सकाळची शाळा असते, हा गट घ्याल का? पोरं प्रश्न फार विचारतात, तेवढी तयारी ठेवून या.