‘कॉर्क प्लेटी बदला, कडक स्प्रिंग घाला’: जुन्या मोटारसायकलच्या क्लचबद्दलचा हा सल्ला कुठे चुकतो

गोव्यातल्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘जुन्या गाडीचा क्लच घसरतोय? मापाच्या कुठल्याही कॉर्क प्लेटी घ्या, लोखंडी प्लेटींना हात लावू नका, कडक स्प्रिंग घाला, कारचं भारी ऑईल भरा.’ (कॉर्क प्लेटी म्हणजे घर्षणाच्या प्लेटी; त्या लोखंडी प्लेटींशी एकाआड एक बसतात आणि स्प्रिंग सगळ्यांना दाबून धरते.) ऐकायला सोपा आहे, पण त्याच्या नादाने तेच काम दोनदा करावं लागतं.

क्लच घसरला म्हणजे प्लेटी गेल्या, हे गृहीतच आधी तपासायला हवं. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी ढिलाई लागते (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो). ती नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटीही जळतात. आपल्याकडच्या पावसात केबल आतून गंजते आणि लिव्हर सोडला तरी पूर्ण परत येत नाही. त्यामुळे आधी केबल काढून हाताने सरकवून बघा. ती ठीक असेल तर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना थ्रॉटल एकदम उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तरच साइड कव्हर उघडायचं.

‘मापाच्या कुठल्याही प्लेटी’ हा सगळ्यात महाग पडणारा भाग. व्यास जुळला म्हणजे माप जुळलं असं होत नाही. जाडी, दात, टॅबची (प्लेटच्या कडेच्या कानाची) रुंदी आणि प्लेटींची संख्या, सगळंच जुळावं लागतं. समजा पाच प्लेटी प्रत्येकी 0.2 मिमी पातळ आल्या. थप्पी 1 मिमी कमी होते, तेवढी स्प्रिंग कमी दबते आणि नवा क्लचही घाटात घसरतो. उलट प्लेटी जाड आल्या तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग म्हापशाच्या गर्दीत न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर ‘खट’ करून बसतो. टॅब अरुंद असली तर ती ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर (प्लेटी ज्यात बसतात त्या डब्यावर) आपटत राहते आणि तिथे खाचा पाडते. म्हणून दुकानात फक्त मॉडेलचं नाव सांगू नका, इंजिन नंबर द्या आणि जुनी प्लेट सोबत न्या. जुनी प्लेट व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजा. लहान गाड्यांत नवी प्लेट 3 मिमीच्या आसपास असते आणि काही दशांश मिमी झिजली की बाद होते.

लोखंडी प्लेटी अमर नसतात. जाड काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. बऱ्याच गाड्यांत 0.2 मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. निळे पडलेले डाग म्हणजे ती प्लेट तापलेली आहे, ती आधी तपासा. हाउसिंगच्या खाचाही बोटाने चाचपा. बारीक बर (धातूची उचललेली धार) असेल तर हाउसिंग बाहेर काढून कानशीने साफ करता येते, पण खोल खाच घासली की फट वाढते. तिथे नवं हाउसिंगच घ्यावं लागतं.

कडक स्प्रिंग दुखणं झाकते. इंजिन मूळ ताकदीचं असेल तर मूळ स्प्रिंग पुरते. कडक स्प्रिंगमुळे केबल निपलपाशी (टोकाच्या गुंडीपाशी) तुटते, रिलीज बेअरिंगवर भार येतो आणि दिवसभर भाडी मारणाऱ्या पायलटचं (मोटारसायकल टॅक्सीवाल्याचं) मनगट दुखतं. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा, एक जरी दबून आखूड झालेली निघाली तरी पूर्ण सेट बदला. लांबी कमी-जास्त असेल तर प्रेशर प्लेट (थप्पी दाबून धरणारी वरची प्लेट) तिरकी उचलली जाते.

ऑईलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (मोटारसायकलच्या ऑईलाचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. इंधन वाचवणाऱ्या कारच्या ऑईलात घर्षण कमी करणारे घटक असतात आणि ओला, म्हणजे ऑईलात चालणारा, क्लच त्यातच घसरतो. यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 मध्ये पेट्रोलसोबत जळणारं टू-टी ऑईल वेगळं, क्लच गिअरबॉक्सच्या ऑईलात चालतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला क्लच ज्यात असतो त्या प्रायमरी केसचं ऑईल वेगळं पाहावं लागतं. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदलल्याशिवाय प्लेटी बसवू नका.

बसवताना नव्या प्लेटी त्याच ऑईलात काही तास भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच सुरुवातीला करपतात. काढताना क्रमाचा फोटो घ्या, कारण काही गाड्यांत शेवटच्या प्लेटची टॅब वेगळ्या खाचेत बसते. स्प्रिंगचे बोल्ट एका फेरीत पूर्ण आवळू नका, समोरासमोरचे थोडेथोडे घ्या. 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, जास्त जोर लावला तर आटे जातात. पहिले काही दिवस अर्धा क्लच दाबून चढ चढू नका, आणि प्लेटी घासून नीट जमल्या की लिव्हरची ढिलाई पुन्हा मोजून केबल जुळवा.