साठ वर्षांची अट

‘पन्नास वर्षांच्या काळवंडलेल्या काँक्रीटला वारसा कोण म्हणतो?’ असे दादा परवा फोनवर म्हणाला. विषय होता दिल्लीच्या हॉल ऑफ नेशन्स या प्रदर्शन-सभागृहाचा. वास्तुकार राज रेवल यांची १९७२ मधली ती वास्तू २०१७ मध्ये पाडली गेली, कारण साठ वर्षांखालच्या इमारतीला वारसा मानायला तिथली वारसा संवर्धन समिती तयार नव्हती. दादाला ते रास्त वाटते. मला ते बोलणे अजून सलते आहे.

मी रोज संध्याकाळी स्टेशन गाठायला लंडनच्या वॉटर्लू ब्रिजवरून चालत जाते. डाव्या हाताला वास्तुकार डेनिस लॅझडन (१९१४–२००१) यांचे नॅशनल थिएटर लागते. त्याआधी त्यांनी एकही नाट्यगृह बांधलेले नव्हते. तिथल्या भिंतीवरून हात फिरवला की सेंट्रिंगच्या फळ्यांच्या शिरा, लाकडाच्या गाठीसुद्धा, बोटांना जाणवतात; ओल्या काँक्रीटने लाकूड जसेच्या तसे उचलले आहे. १९८८ मध्ये युवराज चार्ल्स यांनी या इमारतीची तुलना अणुवीज केंद्राशी केली. तरीही १९७६ मध्ये उघडलेल्या या थिएटरला १९९४ मध्ये, म्हणजे अवघ्या अठरा वर्षांत, वारसा म्हणून संरक्षण मिळाले. साठ वर्षे थांबायचे ठरले असते, तर ते आजही मिळाले नसते, हे मी दादाला पुन्हा सांगणार आहे.

पण त्याच लॅझडन यांच्या कीलिंग हाउसचा विषय मी त्याच्यापाशी काढत नाही. बेथनल ग्रीनमधल्या गोरगरिबांसाठी १९५० च्या दशकात त्यांनी चार उंच मनोरे मधल्या गाभ्याभोवती उभे केले आणि त्या गाभ्यात कपडे वाळत घालायला सामाईक जागा ठेवली, म्हणजे जुन्या गल्लीतला शेजार वरच्या मजल्यांवरही टिकावा. दुरुस्तीचा खर्च न पेलल्याने स्थानिक कौन्सिलने १९९२ मध्ये ती इमारत रिकामी केली, पुढच्या वर्षी तिला संरक्षण मिळाले, आणि शेवटी ती विकासकाकडे जाऊन तिथे महागडे खासगी फ्लॅट झाले. इमारत वाचली, ज्यांच्यासाठी ती बांधली होती, ते परतले नाहीत.

हे दादाला सांगायला माझी जीभ रेटत नाही, कारण गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे संमतिपत्र माझ्याकडे आले, तेव्हा मी ते इथल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा निवायच्या आत, सही करून कुरियरने परत पाठवले. त्याच चाळीच्या गॅलरीत आईच्या साडीच्या ओल्या पदराखाली बसून मी बाराखडी गिरवली होती. दादाने मात्र सही करायला आठ महिने लावले.